अस्थानीं उगवलेलें हाड

मनुष्याच्या शरीरांत हाडाइतका आज्ञाधारक अवयव दुसरा नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पोट रुसतें, डोकें दुखतें, काळीज धडधडतें. हाड मात्र मुकाट्यानें भार वाहतें. तें मोडलें तर फळ्या बांधून स्वस्थ ठेवावें. कांहीं आठवड्यांत आपलें आपण सांधतें, आणि सांधल्यावर थांबतें. हाडाच्या या शेवटच्या गुणाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः सांधणें जितकें महत्त्वाचें तितकेंच थांबणेंहि महत्त्वाचें. कोठें वाढावयाचें नाहीं हें हाडाला कळतें, म्हणूनच मांडीचें मांस मांस राहतें आणि सांधे लवतात.

ही मर्यादा सोडून हाड जेव्हां भलत्याच ठिकाणीं उगवूं लागतें, त्या विकाराचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. चमत्कारिक अशासाठीं कीं, मृत्यूच्या दारांतून परत आलेले लोक हें त्याचें आवडतें भक्ष्य. जो रोगी दगावतो त्याच्या बाबतींत प्रश्नच उरत नाहीं. जो चार दिवसांत उठून बसतो त्यालाहि सहसा भय नसतें. परंतु ज्याला महिना दोन महिने बेशुद्धींत, यंत्राच्या श्वासावर किंवा अगदीं निश्चल पडून काढावे लागतात, अशा कांहीं रोग्यांच्या खुब्याभोवतीं, कोपराभोवतीं, खांद्याभोवतीं मांसाच्या थरांमध्यें नवें हाड धरूं लागतें. प्राण वांचल्याचा आनंद घरांत साजरा होत असतांनाच एक सांधा कुलूप घातल्यासारखा बंद होत असतो.

वैद्यकाच्या पुस्तकांत याला ‘हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन’ असें लांबलचक नांव आहे. अस्थानीं हाड होणें इतकाच त्याचा अर्थ. आपल्याकडील चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत हाडांच्या विकारांमध्यें ‘अध्यस्थि’ हा शब्द आलेला आहे. अधिक झालेलें हाड असा त्याचा अर्थ होतो. एवढ्यावरून प्राचीनांना हा विकार ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. आठवडेच्या आठवडे बेशुद्ध पडलेला मनुष्य त्या काळीं जगतच नसे. मग पुढें त्याच्या सांध्यांचें काय होई हें पाहावयास कोण मिळणार?

मांसांत हाड होऊं शकतें ही गोष्ट युरोपांतील वैद्यांना कळली ती निराळ्याच एका रोगामुळें. १७३६ सालीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांतील शस्त्रवैद्य जॉन फ्रेक यानें रॉयल सोसायटीला एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत कळविली. पाठीवरील गांठी कशा घालवाव्या हें विचारण्यासाठीं तो मुलगा इस्पितळांत आला होता. फ्रेकनें तपासलें तों मानेपासून कंबरेखालपर्यंत सबंध पाठीवर हाडाच्या फांद्या फुटलेल्या, आणि पोवळ्याच्या शाखांप्रमाणें त्या एकमेकींना जडलेल्या. हा विकार जन्मजात बीजदोषाचा असून अत्यंत विरळा आहे. त्याचें मूळ असलेला दोष अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांना २००६ सालीं सांपडला. दीर्घ आजारानंतर होणाऱ्या हाडाशीं त्याचें कुळ एक नाहीं; पण स्नायूच्या पोटीं खरेंखुरें, मगजासह पूर्ण असें हाड जन्म घेऊं शकतें याची साक्ष त्या मुलानें दिली.

दुसरी साक्ष लष्करांतून आली. एकोणिसाव्या शतकांत जर्मन वैद्यांना असें आढळलें कीं, घोडेस्वारांच्या मांडीच्या आंतल्या अंगास, जेथें खोगीर सतत घांसतें, तेथें कधीं कधीं हाडाची पट्टी तयार होते. आणि बंदुकीची कवाईत करणाऱ्या पायदळाच्या शिपायांना तशीच पट्टी खांद्याच्या मांसांत होते. एकाला ‘स्वाराचें हाड’ व दुसऱ्याला ‘कवाइतीचें हाड’ अशीं नांवें पडलीं. महाराष्ट्रांतील घरांना याचा तिसरा नमुना अधिक परिचयाचा आहे. झाडावरून किंवा झोंपाळ्यावरून पोर पडतें, कोपर सुजतें, आणि कोणी जाणता म्हणविणारा मनुष्य तेल लावून तें जोरानें चोळतो व ओढतो. सूज ओसरते, पण कांहीं आठवड्यांनीं कोपर ना धड वांकतें ना धड सरळ होतें. चोळून फाटलेल्या मांसांत हाड झालेलें असतें. दुखावलेल्या कोपराला मालीश करूं नये, हा धडा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला म्हणूनच बजावून शिकवितात. घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या गळीं तो अजून पुरता उतरलेला नाहीं.

परंतु या साऱ्या प्रकारांत मार बसल्याची, घासल्याची, ओढल्याची खूण असे. कसलाहि मार न बसलेल्या सांध्याभोवतीं, केवळ अंथरुणावर पडून असलेल्या मनुष्याला हाड होतें, हें ओळखण्यास पहिलें महायुद्ध उजाडावें लागलें. आणि तें ओळखणारी व्यक्ति एक स्त्री होती.

ऑगस्टा क्लुम्पके यांचा जन्म १८५९ सालीं अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. त्यांच्या थोरल्या बहिणीला, अ‍ॅनाला, लहानपणीं पडल्यामुळें पायाचें अधूपण आलें होतें. तिच्या उपचारासाठीं आईनें युरोप गांठला आणि पुढें हें कुटुंब तिकडेच स्थायिक झालें. या मातेच्या मुली एकाहून एक निघाल्या. अ‍ॅना नांवाजलेली चित्रकार झाली, डोरोथिया ज्योतिःशास्त्रज्ञ झाली, ज्यूलियानें व्हायोलिनवादनांत नांव मिळविलें. ऑगस्टा यांनीं पॅरिसमध्यें वैद्यकाचा अभ्यास धरला. तेथील इस्पितळांत निवासी वैद्याची जागा मिळविण्यासाठीं जी परीक्षा असे, ती स्त्रियांना बंद होती. १८८५ सालीं पॅरिसचा कारभार पाहणारे प्रीफेक्ट पुबेल यांनीं तिचें दार उघडलें. कचरा टाकण्यासाठीं प्रत्येक घरानें डबा ठेवलाच पाहिजे असा हुकूम काढणारे अधिकारी ते हेच. फ्रेंच भाषेंत कचऱ्याच्या डब्याला आजहि त्यांचेंच नांव आहे. स्त्रियांसाठीं काढलेल्या हुकुमाची आठवण मात्र फारशी कोणाला नाहीं. पुढल्याच वर्षीं क्लुम्पकेबाई ती परीक्षा उतरल्या आणि पॅरिसच्या इस्पितळांतील पहिल्या स्त्री-निवासी वैद्य ठरल्या. हाताच्या एका विशिष्ट पक्षघाताला त्यांचें नांव त्याआधींच जडलें होतें. १८८८ सालीं मज्जातंतुशास्त्राचे विख्यात पंडित ज्यूल देजरीन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, व उभयतांनीं मेंदु आणि मज्जारज्जु यांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला तो त्या शास्त्रांत पायाभूत मानला जातो.

१९१७ सालीं ज्यूल देजरीन वारले. युद्ध चालूच होतें. पाठीच्या कण्यांत गोळी किंवा बाँबचा तुकडा शिरून कंबरेखालचें अंग लुळें पडलेले शिपाई पॅरिसच्या सालपेत्रिएर इस्पितळांत येत. अशा मनुष्याचें पुढें काय व्हावयाचें हें त्या काळीं ठरल्यासारखेंच असे. पाठीला व कुल्ल्यांना शय्याव्रण पडत, मूत्राशयांत विष होई, ताप चढे आणि कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत सर्व आटोपे. लष्कराच्या दृष्टीनें तो शिपाई संपलेला होता, आणि बहुतेक वैद्यांच्या दृष्टीनेंहि. क्लुम्पकेबाई व त्यांचे तरुण सहकारी आंद्रे सेलिए यांनीं मात्र या संपलेल्या मनुष्यांच्या खाटांपाशीं बैठक मारली. एकेका रोग्याची मांडी चांचपून पाहिली, सांधा किती लवतो हें मोजलें, क्ष-किरणांनीं छायाचित्रें घेतलीं. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हां जेमतेम वीस-बावीस वर्षें झालीं होतीं.

त्यांना जें दिसलें तें असें. तपासलेल्या रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांना खुब्याभोवतीं किंवा गुडघ्याभोवतीं नवें हाड झालेलें होतें. कोणाला लहानसा कण, कोणाला मांडीच्या हाडापासून कटीच्या हाडापर्यंत गेलेला जाड पूल. खुद्द सांधा मात्र शाबूत होता. हाड होतें तें त्याच्या भोंवतालच्या मांसांत व स्नायुबंधांत. म्हणून त्यांनीं या विकाराचें जें नांव ठेवलें त्यांत ‘सांध्यालगतचा’ असा अर्थ मुद्दाम आणला. त्याहून विलक्षण गोष्ट ही कीं, मज्जारज्जूला जेथें जखम झाली असेल त्या पातळीच्या खालींच हें हाड होई, वर कधीं नाहीं. आणि पायाचीं बोटें, तळवे यांना तें शिवत नसे. १९१८ पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊं लागले, आणि पुढच्या पिढ्यांना या वर्णनांत दुरुस्ती करण्याजोगें फार थोडें सांपडलें.

हें हाड तोंवर कोणाच्या नजरेस कसें आलें नाहीं याचें उत्तर त्या रोग्यांच्या स्थितींतच आहे. ज्या अंगांत हाड वाढे तें अंग बधिर असे. सांधा आंखडत चालला तरी रोगी ओरडत नसे, कारण त्याला कांहीं जाणवतच नसे. आणि जो ओरडत नाहीं त्याच्या मांडीवर हात ठेवून पाहण्याची तसदी घाईगर्दीच्या इस्पितळांत कोण घेणार? शिवाय ज्याला पुन्हा उभें राहावयाचेंच नाहीं, त्याचा खुबा वांकतो कीं नाहीं याची चौकशी कशाला, हाहि विचार असे.

तो विचार चुकीचा होता हें ठरण्यास दुसरें महायुद्ध यावें लागलें. १९४४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडमध्यें स्टोक मॅंडेव्हिल येथें लुड्विग गुटमान यांनीं मज्जारज्जूच्या जखमींसाठीं खास विभाग उघडला. हे जर्मनींतून परागंदा झालेले ज्यू वैद्य. रात्रंदिवस दर दोन तासांनीं रोग्याला कुशीवर वळवावयाचें, हा त्यांचा नियम. त्यांत खाडा झालेला त्यांना खपत नसे. शय्याव्रण थांबले, मूत्राशयाची निगा राहूं लागली, आणि पूर्वी कांहीं महिन्यांत मरणारे लोक वर्षानुवर्षें जगूं लागले. गुटमान यांनीं त्यांच्याकडून धनुष्यबाण, भाला, पोहणें असे खेळ करवून घेतले; त्यांतूनच पुढें अपंगांची ऑलिंपिक स्पर्धा निघाली. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झालेले आपले मुरलीकांत पेटकर यांनीं १९७२ सालीं हाइडेलबर्ग येथें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें तें याच स्पर्धेंत.

परंतु जगणारा मनुष्य चाकांच्या खुर्चींत बसतो, आणि खुर्चींत बसावयाचें तर खुबा काटकोनांत वांकावा लागतो. सालपेत्रिएरमधील शिपायाला जें हाड नडत नव्हतें तें आतां याच्या आयुष्याच्या आड येऊं लागलें. खुबा सरळ रेषेंत जखडला तर बसणें नाहीं. बसणें नाहीं तर घराबाहेर पडणें नाहीं, काम नाहीं. वांकडा जखडला तर अंगाचा भार एकाच बाजूवर पडून तेथें व्रण होणार.

यानंतरचा टप्पा युद्धाचा नाहीं, सांथीचा आहे. १९५२ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. ज्यांच्या गिळण्याच्या व श्वासाच्या स्नायूंनाच लकवा होई, त्यांना तेथील ब्लेगडॅम इस्पितळांत ठेवीत. श्वास देणारीं यंत्रें अगदीं मोजकीं होतीं आणि तींहि कुचकामी ठरत होतीं. यंत्रावर ठेवलेल्या पहिल्या एकतीस रोग्यांपैकीं सत्तावीस दगावले. तेव्हां मुख्य वैद्य लासेन यांनीं भूल देण्याच्या कलेंत निष्णात असलेल्या ब्यर्न इब्सेन यांना पाचारण केलें. २७ ऑगस्ट १९५२ रोजीं बारा वर्षांच्या एका मुलीवर इब्सेन यांनीं प्रयोग केला. तिच्या गळ्यास छिद्र पाडून श्वासनलिकेंत नळी घातली, आणि नळीला जोडलेली रबरी पिशवी हातानें दाबून फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वांचली. मग असे डझनावारी रोगी आणि पिशव्या दाबावयास माणसें कोठून आणावयाचीं? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलावण्यांत आलें. सुमारें पंधराशें विद्यार्थी पाळ्या लावून, खाटेशेजारीं बसून, आठवडेच्या आठवडे हातांनीं पिशव्या दाबीत राहिले. दगावणाऱ्यांचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आज प्रत्येक मोठ्या इस्पितळांत जो अतिदक्षता विभाग असतो, त्याचा उगम या हातांनीं दाबलेल्या पिशव्यांत आहे.

पोलिओच्या रोग्यांच्या सांध्यांभोवतीं हाड होतें अशी नोंद याच्या आदल्याच वर्षीं, १९५१ सालीं, इंग्लंडमधील अस्थिशल्याच्या नियतकालिकांत आली होती. आतां अतिदक्षता विभाग जसजसे पसरत गेले तसतशी त्या नोंदींची यादी लांबत चालली. डोक्याला जबर मार लागून आठवडेच्या आठवडे बेशुद्ध असलेले तरुण. भाजून निघालेले लोक, ज्यांचें विशेषतः कोपर धरतें. मेंदूंत रक्तस्राव झालेले. धनुर्वाताचे रोगी, ज्यांची हकीकत १९७६ सालीं भारतांतील वैद्यांनीं अमेरिकेंतील नियतकालिकांत प्रसिद्ध केली. आणि पुढें असेहि रोगी आढळूं लागले कीं, ज्यांच्या मेंदूला किंवा मज्जारज्जूला कांहींच झालें नव्हतें. फुप्फुसें निकामी झालीं, रक्तांत विष भिनलें, म्हणून गुंगींत ठेवून, स्नायु लुळे पाडणारें औषध देऊन त्यांना यंत्राच्या श्वासावर ठेवलें होतें, इतकेंच. मज्जारज्जु तुटणें हेंच या हाडाचें एकमेव कारण, ही समजूत त्यांनीं मोडली.

अशा रोग्याची हकीकत बहुधा एकाच वळणाची असते. जीव वांचतो, यंत्र निघतें, घरचीं माणसें पेढे वांटण्याच्या विचारांत असतात. दोन-तीन महिन्यांच्या आंतबाहेर एके दिवशीं परिचारिका अंग पुसतांना पाहते तों मांडीचा वरचा भाग गरम, लालसर व सुजलेला. प्रथम वाटतें शिरेंत रक्ताची गुठळी झाली, किंवा पू धरला. क्ष-किरणांत कांहीं दिसत नाहीं, कारण पहिल्या आठवड्यांत त्या गोळ्यांत चुन्याचा अंश उतरलेलाच नसतो. पुढें सूज उतरते, सर्वजण निर्धास्त होतात, आणि पाय मात्र वांकेनासा होतो. अशक्तपणा आहे, हळूहळू सुटेल, असें रोग्याला सांगितलें जातें. त्याचें म्हणणें खरें मानून कोणी पुन्हा छायाचित्र काढीपर्यंत हाड पक्कें झालेलें असतें. या विकाराच्या शंभर वर्षांच्या इतिहासांत सर्वांत खेदाची गोष्ट कोणती असेल तर ती हीच कीं, प्राण वांचविणारा वैद्य एका दालनांत असतो आणि सांधा जखडतो तो दुसऱ्या दालनांत. पहिल्याला आपलें यश ठाऊक असतें. त्या यशाच्या मागून काय आलें तें दुसऱ्यालाच दिसतें. क्लुम्पकेबाईंचें मोठेपण यांत आहे कीं, त्या या दुसऱ्या दालनांत जाऊन बसल्या.

मांसांत हाड होतें तरी कसें, याचा उलगडा प्रयोगशाळांनीं संथपणें केला. १९३१ सालीं अमेरिकेंत चार्ल्स हगिन्स यांनीं कुत्र्याच्या मूत्राशयाचें अस्तर काढून तें स्नायूंत लावलें, तेव्हां त्याच्या शेजारीं हाड तयार झालें. हगिन्स यांना पुढें, निराळ्याच कामासाठीं, १९६६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९६५ सालीं लॉस एंजलिसच्या मार्शल युरिस्ट यांनीं हाडांतील चुना आम्लानें काढून टाकून उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूंत पुरला, आणि तेथें नवें हाड उगवलें. त्या सांगाड्यांत एक प्रथिन आहे आणि तें आसपासच्या पेशींना ‘हाड व्हा’ असा हुकूम सोडतें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. म्हणजे स्नायूंत अशा पेशी मुळांतच असतात कीं, ज्या एरवीं स्वस्थ असतात, पण तसा हुकूम मिळतांच हाड घडवूं लागतात. हा हुकूम दीर्घ आजारांत कोण सोडतें? २०१५ सालीं फ्रान्स व ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनीं उंदरांवर दाखविलें कीं, नुसती मज्जारज्जूला इजा केली तर हाड होत नाहीं. तिच्या जोडीला स्नायूलाहि इजा व्हावी लागते. तेव्हां जखम साफ करण्यासाठीं धांवून येणाऱ्या भक्षक पेशीच विपरीत निरोप देतात. सेवकांनीं घर झाडतां झाडतां भिंत बांधून टाकावी तसा हा प्रकार.

या शोधानें व्यायामाच्या जुन्या वादावरहि उजेड पडला. पडून राहिलेल्याचे सांधे हलविले नाहींत तर ते आंखडतात, हें सर्वमान्य. पण जोरानें हलविले तर? फिन्लंडमधील संशोधकांनीं १९८० सालीं सशाचा गुडघा बांधून ठेवला व रोज थोडा वेळ सोडून जबरदस्तीनें ताणला. मांडीच्या स्नायूंत हाड झालें. यावरून हलविणें वाईट असें ठरत नाहीं. हळुवार, रोज, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून सांधा फिरविणें हिताचें, आणि कळ येईल इतका ओढणें घातक, असा तज्ज्ञांचा कल आहे. कोपर चोळणाऱ्या घरगुती वैद्याची चूक आणि अतिउत्साही व्यायामशिक्षकाची चूक एकाच जातीची.

औषधांच्या शोधाची कथा अधिक करमणुकीची आहे, जरी तिचा शेवट तितकासा समाधानकारक नाहीं. पाण्याच्या नळांत व बंबांत जी चुन्याची पापडी धरते ती धरूं नये म्हणून कारखान्यांत कांहीं स्फुरदयुक्त द्रव्यें वापरीत. शरीरांतहि हाड होतांना चुनाच बसतो, तेव्हां तशा द्रव्यांनीं तो अडवितां येईल काय, असा विचार स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लायश व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६० नंतरच्या दशकांत सुचला. त्यांतून एटिड्रोनेट हें औषध निघालें, आणि त्या दशकाच्या अखेरीस फ्रेकच्या मुलाला होता तशाच रोगाच्या रोग्यांवर त्याचा उपयोग करून पाहण्यांत आला. आशा मोठी होती. परंतु औषध चालू असेतों चुना बसत नाहीं आणि औषध बंद होतांच तयार असलेल्या सांगाड्यांत तो पुन्हा उतरतो, असें पुष्कळ वेळां दिसून आलें. हाडाचा सांगाडा घडण्याचें काम या औषधानें थांबत नाहीं. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्यें सांधेदुखीवरील इंडोमेथॅसिन हें औषध, अथवा शस्त्रक्रियेच्या आगेंमागें क्ष-किरणांची एक मात्रा, यांनीं नवें हाड बऱ्याच अंशीं टळतें. दीर्घ आजारानें खंगलेल्या मनुष्याला मात्र हीं साधनें जपूनच द्यावीं लागतात. त्याचें पोट व मूत्रपिंडें आधींच जर्जर झालेलीं असतात.

मग उरतें तें शस्त्र. तेंहि सोपें नाहीं. खुब्यासमोरील हाड कधीं कधीं मांडीच्या मोठ्या रोहिणीला व मज्जातंतूला वेढून बसलेलें असतें. कोपराच्या हाडानें करंगळीकडे जाणारा मज्जातंतु चिमटलेला असतो. त्यांतून शस्त्रवैद्याला छिन्नीनें वाट काढावी लागते, आणि रक्तस्राव भरपूर होतो. कापलेलें हाड पुन्हा उगवूं नये म्हणून तें पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे दीड वर्षपर्यंत, थांबावें असा फार दिवसांचा दंडक होता. दीड वर्ष ज्याचा खुबा जखडलेला राहतो त्याचा खरा सांधाहि न वापरल्यानें झिजतो, भोवतालचें हाड ठिसूळ होतें, आणि दंडक पाळून केलेल्या शस्त्रक्रियेंत मांडीचें मूळचें हाडच मोडण्याची भीति उत्पन्न होते. पॅरिसजवळ गार्श येथील इस्पितळांत अशा शेंकडों शस्त्रक्रिया झाल्या. तेथील वैद्यांनीं आपले हिशेब तपासून सांगितलें कीं, लवकर कापल्यामुळें हाड अधिक वेळां उगवतें असें मुळींच नाहीं. सांधा जखडून नाश पावण्याआधींच शस्त्रक्रिया करणें श्रेयस्कर. सालपेत्रिएरपासून गार्श फार लांब नाहीं, आणि या विकाराचा पाठपुरावा फ्रेंच वैद्यांनीं शंभर वर्षें सोडला नाहीं, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

२०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां कोपनहेगनचें दृश्य साऱ्या जगभर उभें राहिलें. इस्पितळांतून माणसें आठवडेच्या आठवडे श्वासयंत्रावर, गुंगींत, पुष्कळदां पालथीं निजविलेलीं होतीं. जीं वांचलीं त्यांच्यासाठीं इस्पितळाच्या दारांत टाळ्या वाजल्या, वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं. त्याच वर्षीं बेल्जियममधील वैद्यांनीं चार रोग्यांची एक छोटी हकीकत प्रसिद्ध केली. चौघेहि श्वासयंत्रावर राहून वांचलेले होते. त्यांच्या मज्जारज्जूला गोळी लागली नव्हती, कोणी त्यांचे सांधे चोळले नव्हते. छायाचित्रांत मात्र सांध्यांभोवतीं तेंच हाड दिसत होतें, जें १९१८ सालीं क्लुम्पकेबाईंनीं व सेलिए यांनीं कांचेवर पाहिलें होतें.